पानांची परिभाषा आणि कांद्याचा वाफा

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील लोणंद हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथे विक्रीस येणारा कांदा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मुख्यतः पानांचाच भाग होय. पानांचे तळ अन्नसाठ्याने जाड होऊन एकमेकांभोवती बसतात व त्यांचा कांदा तयार होतो. या पिकाच्या शेतकऱ्याला पानांची परिभाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

पानाचे वर्णन करताना मांडणी, देठ, पात्याचा आकार, कडा, टोक आणि शिरा या गोष्टी पाहतात. आकारांच्या संज्ञा नेहमीच्या वस्तूंवरून आलेल्या आहेत. पिंपळाचे पान हृदयाकृती व लांब टोकाचे, कण्हेरीचे भालाकार, चांदवेलीचे बाणाकृती, तर घोळीचे मांसल व चमच्यासारखे असते. कांद्याची पात पोकळ व नळीसारखी, लसणाची मात्र चपटी असते.

या ज्ञानाचा खरा उपयोग तण ओळखताना होतो. कांद्याची पात उभी व विरळ असल्याने तिची जमिनीवर सावली पडत नाही. त्यामुळे तणांचे फावते. हरळी व लव्हाळा या दोहोंची पाने अरुंद, लांब व समांतर शिरांची, म्हणजे रेषाकृती असतात. म्हणून दोहोंनाही सर्रास गवत म्हटले जाते. परंतु लव्हाळा गवताच्या कुळातील नाही. त्याचा फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरविल्यास तीन कडा जाणवतात. पाने तीन ओळींत असतात. हरळीचे खोड पेरेदार असून पाने दोन ओळींत असतात. केवळ गवतवर्गीय तणांसाठीचे तणनाशक लव्हाळ्यावर फवारल्यास खर्च वाया जातो आणि जमिनीतील गाठींपासून तण पुन्हा फुटते.

याउलट, पुण्यात १९५५ मध्ये आढळल्याची नोंद असलेले गाजरगवत नावाने गवत असले, तरी ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे. त्याचे पान पिसासारखे खोलवर विभागलेले असते.

गावोगाव नावे बदलतात. पानाची ठेवण बदलत नाही. म्हणून कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घेताना तणाचे केवळ नाव न सांगता पानाचे वर्णन करावे आणि शक्यतो मुळासकट रोप सोबत न्यावे. अचूक ओळख हीच योग्य उपायाची पहिली पायरी होय.