चाकणचा भुईकोट

मुलांनो, पिंपरीहून सहलीची बस निघते. भोसरी, मोशी मागे टाकून ती चाकणला येते. वाटेत कारखानेच कारखाने दिसतात. चाकण गावात मात्र एक जुना किल्ला आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. पूर्वी तो स्वराज्याच्या सीमेवर पहारा देत असे.

१६६० साली शायिस्ताखानाने किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा सुमारे दोन महिने लढला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला. किल्ला खानाच्या हाती गेला. फिरंगोजीचे शौर्य पाहून खानाने त्याला नोकरी देऊ केली. फिरंगोजीने ती नाकारली. किल्ला गेला, पण इमान राहिले!

आज तटबंदी थोडीच उरली आहे. ती पाहा, तिच्यावर नावे कोरू नका.

शब्दार्थ : भुईकोट – सपाट जमिनीवरील किल्ला.

प्रश्न : फिरंगोजीने नोकरी का नाकारली असेल?