म्हातारपणाची झोप आणि मेलाटोनिन

म्हाताऱ्या माणसाला झोप कमीच लागते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. वृद्धांनाही सात-आठ तासांची झोप हवी असते. परंतु ती सलग व गाढ राहत नाही. असे का व्हावे?

मेंदूच्या मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी पिनीअल ग्रंथी असते. तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटणारा देकार्त हिलाच आत्म्याचे आसन समजत असे! १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात ॲरन लर्नर यांनी गुरांच्या या ग्रंथींतून एक संप्रेरक वेगळे काढले, तेच मेलाटोनिन. अंधार पडला की ते वाढते, डोळ्यांवर प्रखर उजेड आला की घटते. म्हणजे ते गुंगीचे औषध नव्हे. रात्र झाल्याची ती शरीरातली दवंडी होय. वयाबरोबर ही दवंडी बहुधा क्षीण होत जाते. डोळ्यातील भिंग पिवळसर पडल्याने दिवसाचा उजेडही आत कमी पोहोचतो. शरीराचे घड्याळ पुढे सरकते. आठलाच पेंग येते आणि तीनला डोळा उघडतो.

आपल्या वऱ्हाडात रात्री जागणे हा आजार वाटतच नाही. रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक राखायला जागल; शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीने रात्री येत आली, म्हणून ओलितही रात्रीच. माझ्या आजोबांनी अकोट तालुक्यात जन्मभर हेच केले. माझ्या शिक्षणासाठी आम्ही अमरावतीला आलो आणि ते दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून राहू लागले, रात्र रात्र जागू लागले. ओळखीच्या एकाने चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणून दिल्या. गोळी घेतलेल्या रात्री लघवीला उठताना ते पडले व मनगट मोडले. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा त्या पाकिटावरचे इंग्रजी वाचणे माझ्याच वाट्याला आले. अशा गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

मेलाटोनिनचीही गोळी मिळते. युरोपात २००७ साली पंचावन्न वर्षांवरील रुग्णांसाठी हळूहळू विरघळणारी दोन मिलिग्रॅमची गोळी मान्य झाली. उलट अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली निद्रानाशावर ती न वापरण्याचे सुचविले. मला उजेडाचा उपाय अधिक पटतो. लवकर पेंग येणाऱ्याने दुपारनंतर, मावळतीपर्यंत बाहेर बसावे, म्हणजे घड्याळ थोडे मागे येते. अकोल्याच्या वैशाखात उन्हात कोण बसेल, असे कुणी विचारील. उन्हात बसायला नकोच. कडूनिंबाच्या सावलीतही खोलीतील दिव्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो.