बियाण्यांत घडवून आणलेला फेर

एकाच बियाण्याच्या शेतांत एखादें झाड इतरांहून निराळें निघतें, हें जाणत्या शेतकऱ्यांच्या पाहण्यांत असेलच. हा फरक खतपाण्यामुळें पडला असेल तर तो त्या झाडाबरोबर संपतो. परंतु बीजांतील आनुवंशिक द्रव्यच पालटलें असेल तर तो पुढील पिढ्यांत उतरूं शकतो. ह्या दुसऱ्या प्रकारास उत्परिवर्तन म्हणतात. निसर्गांत असे फेर क्वचितच दृष्टीस पडतात. १९२७ सालीं मुलर यांनीं फळमाशीवर व १९२८ सालीं स्टॅडलर यांनीं सातूवर क्ष-किरणांचे प्रयोग प्रसिद्ध करून, त्यांचें प्रमाण मनुष्यास वाढवितां येतें, असें दाखविलें.

साधनें व त्यांची मर्यादा. क्ष-किरण, गॅमा किरण आणि एथिल मेथेन सल्फोनेटासारखीं रसायनें हीं उत्परिवर्तकें होत. मात्र त्यांच्याकडून हवा तो गुण मागून मिळत नाहीं. बहुतेक फेर निरुपयोगी किंवा अपायकारक असतात: रोप फिकट पडतें, खुरटतें वा वांझ राहतें. मात्रा अधिक झाल्यास बीं उगवतच नाहीं. शिवाय पुष्कळ फेर पहिल्या पिढींत झांकलेले राहतात. म्हणून प्रत्येक झाडाचें बीं निराळें पेरून दुसऱ्या पिढींत हजारों झाडें तपासावीं लागतात, व निवडलेलीं झाडें पुढें कित्येक वर्षें पारखावीं लागतात. किरण केवळ भेद उत्पन्न करतात. वाण घडतें तें निवडीनें.

भुईमुगाचें उदाहरण. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ ह्या भुईमुगाच्या बियाण्यावर क्ष-किरणांचा प्रयोग केला. त्यांतून निवडलेलें टपोऱ्या दाण्याचें ‘टीजी-१’ हें वाण १९७३ सालीं प्रसृत झालें. पुढें अशा निवडींचा संकर साधून, अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या सहकार्यानें, बुटकें व लवकर तयार होणारें ‘टीएजी-२४’ निघालें. त्याच्या नांवांत ट्रॉम्बे व अकोला हीं दोन्हीं स्थळें आहेत.

शेतकऱ्यांनीं काय करावें? क्ष-किरण किंवा गॅमा किरण दिल्यानें बीं किरणोत्सारी होत नाहीं. ती भीति बाळगूं नये. परंतु हीं रसायनें मनुष्यासही घातक आहेत. त्यांचा घरगुती प्रयोग कदापि करूं नये. तसेंच ‘किरणांचें बियाणें’ एवढ्या शब्दांवर भुलून सारें शेत पेरूं नये. बियाणें चुकलें तर हंगाम परत येत नाहीं. नव्या वाणाचें प्रमाणित बियाणें आपल्या जुन्या वाणाशेजारीं, एकाच जमिनींत व एकाच दिवशीं, सारख्या पट्ट्यांत पेरावें. शेंगा वाळवून दोहोंचें वजन करावें व निदान दोन हंगाम ताळा पाहावा. भुईमूग बहुधा स्वपरागित असल्यानें, पसंत पडलेल्या वाणांतील भेसळीचीं झाडें काढून घरचें बीं राखतां येतें. प्रयोगशाळेंत आरंभलेली निवड शेवटीं शेतकऱ्याच्याच बांधावर पुरी होते.