काचबिंदूचे थेंब आणि घराची साथ

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी वाटतात. म्हणून दोन्ही विकारही सारखेच असावेत, अशी समजूत अनेक घरांत आढळते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलल्यावर बहुधा दृष्टी परत येते. काचबिंदूत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या दृष्टिचेतेची हानी होते आणि गेलेली दृष्टी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली दृष्टी जपणे एवढेच आपल्या हाती असते, आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते रोजच्या थेंबांवर अवलंबून असते.

अडचण नेमकी येथेच आहे. थेंबांनी दिसणे सुधारत नाही. उलट कधी डोळे चुरचुरतात. थेंब चुकला तरी त्या दिवशी काही बिघडल्याचे जाणवत नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षकाढणीत, लग्नसराईत किंवा पैशांच्या ओढाताणीत बाटली मागे पडते. मग तपासणीची तारीख जवळ आली की चार दिवस थेंब नेमाने घातले जातात. दाब चांगला भरतो आणि डॉक्टरांची फसगत होते. दृष्टीचा ऱ्हास मात्र कडेकडून सुरूच राहतो.

औषधाचा उपयोग होतो का, या शंकेला संशोधनाने उत्तर दिले आहे. डोळ्यातील दाब वाढलेल्या, परंतु काचबिंदू न झालेल्या १,६३६ व्यक्तींच्या अमेरिकेतील अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत उपचार न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के, तर थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के व्यक्तींना काचबिंदू झाला.

थेंब घालण्याचीही रीत आहे. हात धुवावेत. मान मागे करून खालची पापणी हळूच ओढावी व बाटलीचे टोक डोळ्याला न लावता एकच थेंब सोडावा. डोळ्यात त्याहून अधिक मावत नाही. नंतर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबावा, म्हणजे औषध नाकात व रक्तात कमी उतरते. दोन औषधे असल्यास मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी व सांगितलेल्या मुदतीनंतर ती टाकून द्यावी. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे; टिमोलॉलसारखे थेंब अशा रुग्णांना अपायकारक ठरू शकतात. त्रास झाला तरी औषध परस्पर बंद करू नये. परवडत नसेल तर तेही संकोच न करता सांगावे, अनेकदा स्वस्त पर्याय मिळतो.

वसतिगृहात राहिलेल्यांना घंटेचे महत्त्व सांगावे लागत नाही. उठणे, अभ्यास, भोजन यांना ठरलेली वेळ होती, म्हणून ती कामे विसरली जात नसत. घरातील वृद्धांच्या थेंबांनाही अशीच वेळ जोडून द्यावी : सकाळचा चहा किंवा रात्रीचे जेवण. थरथरत्या हातांना नातवंडांचा हात मिळावा. भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज एक खूण व्हावी. शहरात राहणाऱ्या मुलांनी फोनवर "जेवलात का?" यासोबत "थेंब घातले का?" हेही विचारावे.

आणखी एक कर्तव्य स्वतःसाठी आहे. आई, वडील किंवा भावंडांस काचबिंदू असल्यास आपलाही धोका वाढतो. चाळिशीनंतर, आणि घरात हा विकार असल्यास त्याआधीही, नेत्रतज्ज्ञांकडून दाब व दृष्टिचेतेची तपासणी नियमित करून घ्यावी. आई-वडिलांची उरलेली दृष्टी राखणे ही एका दिवसाची सेवा नव्हे. तो रोजचा नेम आहे.