वॉर्सापासून दूर

व्हिस्टुला नदीच्या काठी वसलेले वॉर्सा हे आज स्वतंत्र पोलंडच्या राजधानीचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मात्र त्या देशाचे स्वातंत्र्य लोपले होते. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या बलाढ्य शेजाऱ्यांनी तीन वेळा लचके तोडून सारा पोलंड वाटून घेतला, आणि १८१५ पासून तर रशियाचा झार हाच स्वतःला पोलंडचा राजा म्हणवू लागला.

या परतंत्र शहरात फ्रेडरिक शोपँ लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म १८१० साली एका जवळच्या खेड्यात झाला आणि काही महिन्यांतच त्याच्या आईवडिलांनी वॉर्सात बिऱ्हाड केले. वडील मूळचे फ्रेंच. ते वॉर्साच्या एका विद्यालयात फ्रेंच भाषा शिकवीत. मुलाला पियानोचे विलक्षण वेड होते. सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापली गेली, आणि झारचा भाऊ कॉन्स्टंटिन हा सेनापती आपल्या बेल्व्हेडेर राजवाड्यात या बालवादकाला बोलावून त्याचे वादन ऐकू लागला. कॉन्स्टंटिनच्या कठोरपणाला सारे शहर विटलेले असे. पण या मुलाची बोटे पियानोवर फिरू लागली म्हणजे तोही शांत होई, असे सांगतात!

पुढे शिक्षण पुरे झाले. मोठी शहरे पाहावीत, तेथे आपली कला दाखवावी, अशी इच्छा शोपँच्या मनात होती. परंतु पाय निघत नव्हता. अखेर २ नोव्हेंबर १८३० रोजी त्याने वॉर्सा सोडले. वेशीजवळच्या वोला या वस्तीपाशी त्याचे गुरू एल्स्नर यांनी स्वतः रचलेले निरोपाचे गीत शिष्यांकडून गाववले. तेथे मित्रांनी त्याला मायभूमीची माती भरलेला चांदीचा पेला दिला, अशीही एक कथा आहे. ती गोड असली तरी खरी मानण्यास पुरेसा आधार नाही. निरोपाचे गीत मात्र खरे.

शोपँ आपला मित्र तीतुस याच्यासह व्हिएन्नास पोहोचला, त्याला जेमतेम आठवडा होतो न होतो तोच वॉर्सात उठाव झाला. २९ नोव्हेंबरच्या रात्री लष्करी विद्यालयातील तरुणांनी त्याच बेल्व्हेडेर राजवाड्यावर चाल केली. ही बातमी व्हिएन्नास येताच तीतुस लढण्यासाठी तडक परत फिरला. शोपँही निघाला असता. पण त्याची प्रकृती नाजूक होती. “तू येऊ नकोस,” असे तीतुसने त्याला परोपरीने पटवले, आणि वीस वर्षांचा तो तरुण परक्या शहरात एकटा राहिला.

ते शहरही आता त्याला परके वाटू लागले. पोलंडचा एक भाग ऑस्ट्रियाच्याच ताब्यात होता. तेव्हा व्हिएन्नात पोलिश माणसाविषयी कोणाला आपुलकी वाटणार? परमेश्वराने पोलिश लोक निर्माण केले ही त्याची चूकच झाली, असे उद्गार त्याने एका खानावळीत स्वतःच्या कानांनी ऐकले. नाताळच्या रात्री तो सेंट स्टीफनच्या भव्य चर्चमध्ये एका खांबाजवळच्या अंधारात एकटाच उभा राहिला. आपण चारचौघांत शांत असल्याचा बहाणा करतो आणि घरी परतल्यावर सारा संताप पियानोवर काढतो, असे त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे.

पुढील उन्हाळ्यात तो पॅरिसला जाण्यास निघाला. रशियाच्या वकिलातीने त्याला पॅरिसचा परवाना नाकारला होता. म्हणून ‘पॅरिसमार्गे लंडन’ अशी नोंद असलेल्या परवान्यावर त्याने प्रवास केला. वाटेत स्टुटगार्ट येथे सप्टेंबर १८३१ मध्ये त्याला कळले, की वॉर्सा पडले. जेथे त्याला निरोपाचे गीत ऐकवले होते, त्याच वोलाच्या बाजूने रशियन सैन्य शहरात घुसले होते.

त्या दिवसांतील त्याच्या टिपणवहीतील मजकूर उपलब्ध आहे. आईवडील जिवंत आहेत काय? बहिणी कोठे असतील? चार वर्षांपूर्वी वारलेल्या धाकट्या एमिलियाचे थडगे तरी धड राहिले असेल काय? पानांमागून पाने अशा प्रश्नांनी भरली आहेत. आणि मी येथे रिकाम्या हातांनी बसलो आहे, ही टोचणी तर त्याने पुनःपुन्हा लिहिली आहे.

घरची माणसे सुखरूप होती. पण हे त्याला त्या क्षणी कोण सांगणार?

शोपँने परत जाऊन बंदूक उचलायला हवी होती काय? असे विचारणारे पुष्कळ असतात. पण त्या दुबळ्या खांद्यावर बंदूक किती दिवस टिकली असती? माझ्या मते तीतुसचा निर्णय योग्य होता. तथापि आपण मागे राहिलो याचे शल्य शोपँच्या मनातून गेले, असे मात्र कोणी समजू नये.

पॅरिसमध्ये त्याला कीर्ती व पैसा मिळाला, तरी आपण येथे केवळ वाटेवरचे प्रवासी आहोत, असे तो आपल्या परवान्याचा दाखला देऊन थट्टेने म्हणे. रशियन वकिलातीत जाऊन परवान्याचे नूतनीकरण त्याने केले नाही, आणि वॉर्साचा रस्ता त्याला कायमचा बंद झाला. तिकडे उठावाची शिक्षा म्हणून विद्यापीठ बंद झाले आणि शहरावर तोफा रोखणारा किल्ला उभा राहिला. आईवडिलांची भेट १८३५ साली कार्ल्सबाड या तिसऱ्याच गावी झाली, तीच शेवटची. परंतु वॉर्साच्या आसपासच्या शेतकऱ्यांचे जे नाच त्याने बालपणी पाहिले होते, त्यांच्या ठेक्यावर त्याने पन्नासाहून अधिक ‘माझुर्का’ रचल्या. पॅरिसच्या श्रीमंत दिवाणखान्यांत त्या खेड्यांची लय ऐकू येऊ लागली. त्याचे शेवटचे जाहीर वादनही नोव्हेंबर १८४८ मध्ये लंडनमधील पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठीच झाले. तेव्हा क्षयाने तो पुरता खंगला होता.

१७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. तेव्हा त्याचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. देह तेथेच पुरण्यात आला. पण त्याच्या इच्छेप्रमाणे थोरली बहीण लुडविका हिने त्याचे हृदय मद्यार्काच्या बरणीत ठेवून, सरहद्दीवरील पहारेकऱ्यांची नजर चुकवून वॉर्सास नेले. तरुणपणी तो ज्या रस्त्यावर राहत होता, त्याच रस्त्यावरील होली क्रॉस चर्चच्या एका खांबात पुढे ते बसवण्यात आले. १९४४ च्या उठावात त्या चर्चची पडझड झाली. त्या काळात हृदय दुसरीकडे हलवलेले होते. युद्ध संपल्यावर, १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, म्हणजे शोपँच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, वॉर्साच्या लोकांनी ते भग्न शहरातून परत त्या खांबापाशी आणले.