चार आकडे आणि आतली कड

ताम्हिणी घाटात आमच्या गाडीचं तोंड पुण्याकडे वळलं, तेव्हा खरं तर आम्ही माणगावला निघालो होतो. जूनमधला पहिला दमदार पाऊस, एक साधंसं डावं वळण, वेग पन्नाशीच्या आत. मी ॲक्सिलरेटरवर पाय जरासा टेकवला आणि मागची चाकं सुटली. काही कळायच्या आत गाडी गर्रकन फिरून कठड्यापासून दोन हातांवर थांबली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून मी आज हे लिहितो आहे. शेजारी बसलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

गाडी पोर्शची केमन, २०१४ची. २०२१च्या जानेवारीत मी ती पुण्यातच सेकंडहँड घेतली. जेमतेम अकरा हजार किलोमीटर चाललेली, रंगावर ओरखडा नाही. विकणाऱ्याने टायरवर हात फिरवून सांगितलं, "साहेब, बटणं बघा, अजून दोन वर्षं बघायला नको." बटणं खरंच होती. मागच्या टायरांची नक्षी पाच मिलिमीटर खोल होती आणि कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते. मी खोली पाहिली आणि वय पाहिलं नाही. माझी चूक ती एवढीच.

टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांपुढे बरंच काही छापलेलं असतं. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या चारही टायरांवर ०९१४ होतं, म्हणजे २०१४चा नववा आठवडा. गाडी फिरली त्या दिवशी ते टायर सात वर्षांचे होते. सहा वर्षांपुढचे टायर वापरू नयेत, असं पोर्श स्वतःच सांगते.

कमी चाललेल्या गाडीचे टायर चांगले असणार, हा समज स्पोर्ट्स कारच्या बाबतीत विशेष घातक आहे. या टायरांचं रबर मऊ ठेवलेलं असतं, पकड त्यातूनच येते. हवेतला प्राणवायू आणि उष्णता मिळून ते हळूहळू कडक करतात. ओझोनपासून बचावासाठी रबरात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. टायर फिरताना दबतो, उलगडतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येतात. पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या गाडीत ही हालचालच होत नाही. नक्षी शाबूत राहते आणि रबर मरतं. कोरड्या रस्त्यावर त्याचा पत्ता लागत नाही. पहिल्या पावसात धूळ, तेल आणि पाणी यांचा थर साचला की लागतो. गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा माझ्या गाडीत होती आणि ती चालूही होती. पण टायरकडे जेवढी पकड आहे तेवढीच तिला वापरता येते, नसलेली पकड ती कुठून आणणार?

अभिनेता पॉल वॉकर नोव्हेंबर २०१३मध्ये कॅलिफोर्नियात ज्या अपघातात गेला, त्याचा तपास मी घाटातल्या प्रसंगानंतर वाचला. गाडी पोर्श कॅरेरा जीटी, मित्र चालवत होता. तपासात मुख्य कारण बेफाम वेग हेच निघालं. पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीवरचा ताबा कमी झाला असू शकतो, अशी नोंदही त्यात झाली. ती नोंद वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

चारही टायर बदलले. दुकानदार म्हणाला, माप जुळलं की झालं. तसं नसतं. पोर्शने तपासून घेतलेल्या टायरांवर 'एन' अक्षर आणि एक आकडा असतो. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी असते, मर्सिडीजसाठी 'एमओ'. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, पण ही खूण नसलेला टायर आतून वेगळ्या बांधणीचा असू शकतो. एका गाडीवर खुणांची सरमिसळ करू नका. २०२०च्या जूनमध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत घातली. तेव्हापासून अशा मापांचे टायर शोधताना दमछाक होते आणि गोदामात पडून राहिलेला जुना मालही नवा म्हणून पुढे येऊ शकतो. पैसे देण्याआधी चारही टायरांचे आकडे स्वतः वाचा आणि ते बिलावर लिहून घ्या.

एवढं शिकूनही मी दुसऱ्यांदा चुकलो. नव्या टायरांवर नऊ हजार किलोमीटर झाले होते. उभ्याने पाहिलं तर मागचे टायर उत्तम दिसत होते. पंक्चर काढायला चाक उतरवलं, तेव्हा पंक्चरवाल्याने ते माझ्यासमोर उलटं धरलं. आतल्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी पार गोटा झाली होती आणि एका जागी तारा दिसत होत्या. "आतून खाल्लाय," तो म्हणाला. या गाड्यांची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते. त्यात खड्ड्याने अलाइनमेंट हललं, चाकांची पुढची टोकं ठरल्यापेक्षा आत किंवा बाहेर वळली, की रबर रस्त्यावर घासत जातं. पुढची चाकं स्टिअरिंग वळवून पाहता येतात. मागच्यांसाठी जमिनीवर आडवं व्हा, टॉर्च घ्या. कपडे मळतात, मळू द्या. जोराचा खड्डा बसला की अलाइनमेंट करा आणि टायरच्या बाजूवर फुगा आला आहे का तेही पाहा. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर दुरुस्त होत नाही.

किती किलोमीटर चालेल, हे सगळे विचारतात. माझ्या मागच्या टायरांची त्यानंतरची जोडी चौदा हजारांत संपली, पुढच्या टायरांवर तेव्हा अर्ध्याहून जास्त नक्षी होती. या गाडीत मागचे टायर २६५ रुंदीचे आणि पुढचे २३५चे, म्हणून घरच्या साध्या गाडीसारखी पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही. टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून आकडा असतो. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर तो ३०० आहे, ट्रॅककडे झुकणाऱ्या कप २वर १८०. तो ठरावीक चाचणीत १०० धरलेल्या टायरशी केलेल्या तुलनेचा असतो आणि कंपनी तो स्वतः ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरांमध्ये निवडताना त्याचा उपयोग होतो, किलोमीटर त्यातून निघत नाहीत. हवा मात्र नेहमी सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

पावसाळ्यासाठी माझी मर्यादा तीन मिलिमीटर. नवा टायर साधारण साडेसातचा, कायद्याची हद्द १.६. म्हणजे तीनवर बदलला तर वापरण्याजोग्या रबराचा फार तर चौथा हिस्सा मी फेकतो. रुंद टायरखालून पाणी बाहेर काढायला खोल खाचा लागतात आणि पाणी सर्वात जास्त असतं तेव्हाच त्या उथळ झालेल्या असतात. त्या चौथ्या हिश्शासाठी मुलीला शेजारी बसवून मी घाटात जाणार नाही.

या मे महिन्यात खोली मोजायच्या काट्याने मागे डाव्या बाजूला, आतल्या कडेला, २.९ दाखवलं. मुलीने आकडा वहीत लिहिला आणि विचारलं, "बाबा, मग माणगाव?" टायर यायला सहा आठवडे लागणार होते. गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवून आम्ही स्वारगेटहून एसटी पकडली.