यादीतली यादी आणि नावांच्या खुणा

संगणकात पुढील यादी ठेवली आहे असे समजा:

["पुणे", ["शिरूर", ["निमोणे"], ["न्हावरे"]], ["दौंड", ["पाटस"]]]

डब्यात डबा असावा तशी ही यादीत यादी. परंतु 'शिरूर' म्हणजे तालुका की गाव, हे कंस सांगत नाहीत. त्यासाठी १९९८ साली प्रमाणित झालेल्या एक्सएमएल पद्धतीत मजकुराभोवती खुणा लिहितात:

<जिल्हा>पुणे<तालुका>शिरूर<गाव>निमोणे</गाव>…

हे रूपांतर पायथनसारख्या भाषेत थोड्याच ओळींत होते. कृती अशी:

१. पातळी पाहून खूण उघडा: पहिली 'जिल्हा', दुसरी 'तालुका', तिसरी 'गाव'.
२. यादीतील पहिले नाव लिहा.
३. उरलेल्या प्रत्येक उपयादीसाठी, पातळी एकाने वाढवून, हीच कृती करा.
४. खूण मिटवा.

तिसऱ्या पायरीत कृती स्वतःलाच बोलावते! उपयादी नसेल तेथे ती थांबते. म्हणूनच शेवटी उघडलेली खूण आधी मिटते.

आता वहीत उरलेले रूपांतर पुरे करा. सहा खुणा उघडतील, सहाच मिटायला हव्यात. एक जरी उघडी राहिली, तर एक्सएमएल वाचणारी आज्ञावली तो मजकूर चुकीचा ठरवते.